पाण्याचं पृथक्करण? छे!

कागलहून एका वाचकांनी विचारलंय : ‘सौरऊर्जेने पाण्याचे पृथक्करण करून हरित हायड्रोजन मिळवतात’ हे वाक्य बरोबर आहे का? आणि ‘हरित’ म्हणावं की ‘हिरवा’?

पृथक्करण नको. बातम्यांत हा शब्द ऐकून कान किटले. आमच्या कोल्हापूर भागात उसाच्या रानातली माती पृथक्करणाला जाते. पिशवी प्रयोगशाळेत द्यायची आणि नत्र-स्फुरद-पालाशचे आकडे लिहिलेला कागद घेऊन यायचं. माती होती तशीच राहते. पाण्याचं पृथक्करण केलंत तर क्षार किती ते कळेल, वायूचा बुडबुडासुद्धा निघणार नाही. शाळेच्या पुस्तकातलं ‘विद्युत अपघटन’ उत्तम, म्हणजे वीज सोडून पाण्यातला हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटा करणं. काही विद्वानांना ‘विच्छेदन’ प्रिय आहे. मला त्यात शवागाराचा वास येतो. ‘पाणी फोडणे’ मी आनंदानं घेतलं असतं, पण रानात तसं म्हणालात तर कुणीतरी पाट फोडला असं समजून लोक खोरी घेऊन धावतील.

पण खरी मौज हायड्रोजनच्या जुन्या मराठी नावात आहे : उज्जवायू. ‘उज्ज्वल’वरून आला, भडकन पेटतो म्हणून, असं छातीठोक सांगणारे भेटतात. मग ‘ज्वल’ गेला कुठं? वारणेच्या पुरात? सत् + जन = सज्जन, तसं उद् + ज = उज्ज. उद् म्हणजे पाणी, उदकातलं, समुद्रातलं. ग्रीक ‘हुडोर’ त्याचाच सख्खा भाऊ, आणि ‘जेन’ म्हणजे आपला ‘जन्’. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए आणि मंडळींनी 1787 मध्ये ‘हायड्रोजन’ हे नाव ठेवलं ते ‘पाण्याला जन्म देणारा’ या अर्थानं, कारण तो जाळला की पाणी होतं. मराठी शब्द मात्र उलटा : पाण्यातून जन्मलेला! नाव ठेवणाऱ्याची चूक म्हणा. मी त्याला द्रष्टा म्हणतो. आज बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून काढतात (त्या वायूवर पाण्याची वाफ सोडतात, म्हणून त्यातलाही जवळपास निम्मा वाफेतून येतो, ते असो). निव्वळ पाण्यातून जन्मतो तो हाच, तुमचा हरित. नऊ किलो पाण्यातून एक किलो, आणि त्यासाठी साधारण पन्नास-पंचावन्न युनिट वीज. म्हणजे अस्सल उज्ज हाच की!

हिरवा-हरितचं राहिलंच. वायूला रंग नाही. आपल्या सरकारच्या 2023 च्या व्याख्येत किलोभर हायड्रोजनमागं दोन किलोपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड न सोडता केलेला तो ‘हरित’. म्हणजे हा हिशेबाचा शब्द आहे, रंगाचा नाही, म्हणून ‘हरित’च. ‘हिरवा’ मिरचीला ठेवा.