ओळ सुटते ती डोळ्यांमुळे का?

प्रश्न : मुलगी तिसरीत, कर्नाटकातल्या निपाणीजवळच्या मराठी शाळेत आहे. वाचताना ओळ सुटते, मागचेच शब्द पुन्हा वाचते. डोळ्यांचे व्यायाम सुरू करावेत का?

उत्तर : घाई नको. वाचताना नजर सरकत नाही, उड्या मारते. दोन उड्यांमध्ये साधारण पाव सेकंद थांबते. शब्द कळला नाही की मागे वळते. म्हणजे नजर अडखळणं बहुतेकदा कारण नसून परिणाम असतो.

घरी पाहा. 'रस्ता', 'प्रश्न', 'स्वच्छ' असे सुटे शब्द कार्डावर मोठ्या अक्षरात दाखवा. तिथंही अडली, तर अडचण अक्षर-आवाजाच्या जोडणीत आहे. व्यायामानं ती जात नाही. रोज 15 मिनिटं जोडाक्षरं फोडून म्हणून घ्या : प्‌, र, श्‌, न. फक्त कन्नड वाचतानाच अडत असेल, तर बहुधा सराव कमी पडतोय.

सुटे शब्द नीट, पण ओळीत गोंधळ? पेन्सिलीचं टोक हातभर अंतरावरून हळूहळू नाकाकडे आणा. नाकापासून 10 सेंटिमीटरवर येण्याआधीच तिला दोन टोकं दिसली किंवा एक डोळा बाहेर सरकला, तर नेत्रतज्ज्ञांना दाखवा. जवळ पाहताना दोन्ही डोळे एकत्र आत न वळण्याच्या या दोषावर व्यायाम खरंच उपयोगी पडतात. चष्म्याचा नंबर मात्र आधी तपासा. आणि ओळीखाली पट्टी धरू द्या, तिला रागावू नका.