फाइल एक, वाचक अनेक: एकत्र ऑनलाइन वाचनाबद्दल वाचकांचे प्रश्न

पदव्युत्तर वर्गातल्या एकत्र वाचनाबद्दल आलेल्या पत्रांत बहुतेक तक्रारी अ‍ॅपच्या आहेत. अडचण मात्र बऱ्याचदा अ‍ॅप उघडण्याआधीच सुरू झालेली असते. फाइल कशी तयार केली आणि गटाला नेमकं काय काम दिलं, इथे ती सापडते. म्हणून उत्तरांतही तिथूनच सुरुवात केली आहे.

प्रश्न: आम्ही एम.ए. इतिहासाचे आठ जण 'हायपोथिसिस' या ऑनलाइन टिपणांच्या साधनावर एकच लेख वाचतो. दोघींची टिपणं बाकीच्यांना दिसत नाहीत. लेख सगळ्यांकडे तोच आहे. – विद्यार्थिनी, कोल्हापूर

आधी उजव्या पट्टीच्या माथ्यावर गटाचं नाव पाहा. तिथे 'पब्लिक' राहिलं असेल, तर टिपण गटात न जाता सगळ्या जगाला दिसतं. 'पोस्ट'शेजारच्या बाणाखाली 'ओन्ली मी' निवडलेलं असेल, तर ते फक्त लिहिणारीला दिसतं.

हे दोन्ही ठीक असेल, तर लेख 'तोच' नाही असं धरून चाला. हायपोथिसिस पीडीएफ ओळखतं ते फाइलच्या पोटातल्या ओळखक्रमांकावरून. फाइलचं नाव बदललं, पेनड्राइव्हवरून दिली, व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवली, तरी काही बिघडत नाही. पण आकार कमी करायला एखाद्या साइटवर टाकली, 'प्रिंट टू पीडीएफ' केली किंवा पहिलं पान काढलं, की क्रमांक बदलू शकतो. मग त्या दोघी वेगळ्याच कागदावर लिहीत बसतात. काही डेटाबेस तर प्रत्येक डाउनलोडला तारखेचं पान जोडून देतात. तेव्हा आठ जणांनी आठ वेळा लेख उतरवू नका. एकीने उतरवावा, लागतील त्या दुरुस्त्या तिनेच कराव्यात आणि तीच प्रत सगळ्यांना द्यावी. वाचन सुरू होण्याआधी तिने पहिल्या पानावर 'दिसतंय का?' असं टिपण टाकावं आणि प्रत्येकाने त्याला उत्तर द्यावं. पाच मिनिटांत कोण बाहेर राहिलंय ते कळतं.

फाइल संगणकावर साठवलेली असेल, तर क्रोमच्या एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्राम) पानावर हायपोथिसिससाठी 'अलाऊ अ‍ॅक्सेस टू फाइल यूआरएल्स' हे बटण चालू करावं लागतं. फोनवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन चालत नाही.

प्रश्न: मराठी पुस्तकाच्या पीडीएफवर ओळ रंगवली, की बाजूच्या टिपणात भलतीच इंग्रजी अक्षरं उमटतात. काही पुस्तकांत तर ओळ निवडताच येत नाही. – पीएच.डी. संशोधक, नांदेड

या दोन वेगळ्या व्याधी आहेत आणि तिसरीही एक आहे. निदानासाठी एक ओळ निवडून नोटपॅडमध्ये चिकटवा.

काहीच निवडलं गेलं नाही, तर पान हे नुसतं चित्र आहे. जुन्या ग्रंथांच्या स्कॅन प्रतींत हे नेहमीचं. इंग्रजी अक्षरांचा कचरा आला, तर पुस्तक श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये जुळवलेलं आहे. डोळ्यांना 'क' दिसतो, फाइलमध्ये मात्र रोमन लिपीतलं एखादं चिन्ह असतं. अशा प्रतीवर रंग चढतो, पण शोध लागत नाही आणि टिपणं बाहेर काढली तर उताऱ्याचा काही उपयोग नसतो.

दोन्हींवर उपाय ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं. 'ओसीआरमायपीडीएफ' हे मोफत साधन अक्षरं ओळखणाऱ्या 'टेसरॅक्ट'च्या मदतीने चित्रामागे मजकुराचा थर बसवतं. भाषा मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही द्या, नाहीतर तळटीपांमधली इंग्रजी नावं बिघडतात. जुन्या फाँटच्या फाइलमध्ये त्याला आधीच मजकूर सापडतो आणि ते काम थांबवतं. तिथे 'फोर्स-ओसीआर' हा पर्याय द्यावा लागतो. त्यात प्रत्येक पानाचं आधी चित्र होतं, त्यामुळे फाइल फुगते. स्कॅन स्वतः करणार असाल, तर ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) ठेवा. समोरासमोरची दोन पानं एकाच चित्रात असतील, तर 'स्कॅन टेलर'ने आधी वेगळी करा. नाहीतर डाव्या पानाची ओळ उजव्या पानाच्या ओळीला जाऊन चिकटते. हे सगळं फाइल वाटण्याआधीच उरका. नंतर ओसीआर केलं तर फाइल नवी ठरते आणि जुनी टिपणं तिच्यावर दिसत नाहीत.

तिसरी व्याधी सहज लक्षात येत नाही. चिकटवलेली ओळ मराठीच असते, पण शोध अर्धवट लागतो. 'दुसऱ्या'मधला र युनिकोडमध्ये (संगणकावर अक्षरं साठवण्याच्या मानकात) दोन प्रकारे लिहिला जातो: एक नुक्त्याच्या 'ऱ'ने, दुसरा साध्या र आणि हलन्तापुढे अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधयंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. अशा वेळी 'दुस' एवढंच शोधा. ऱ्हस्व इकारही पुष्कळ पीडीएफमध्ये आपली जागा सोडतो. म्हणून रंगवलेला उतारा प्रबंधात घेताना मूळ पानाशी ताडून पाहिल्याशिवाय घेऊ नका.

प्रश्न: संदर्भ आणि पीडीएफ साठवायच्या 'झोटेरो' या साधनातलं आमचं गटग्रंथालय दोन महिन्यांत भरलं. आता काय? – एम.फिल. झालेले प्राध्यापक, रत्नागिरी

मोफत जागा ३०० एमबी आणि ती गट ज्याने उघडला त्याच्या खात्यातून जाते. ७०-८० एमबीची चार स्कॅन पुस्तकं टाकली, की संपली. आधी ट्रॅश रिकामा करा. तिथल्या फाइलीही जागा धरून असतात. मग पूर्ण पुस्तकाऐवजी लागतं तेवढं प्रकरण ठेवा. मजकुराची टिपणं या जागेत मोजली जात नाहीत, ती झोटेरोच्या माहितीसाठ्यात राहतात. म्हणूनच साठवलेली पीडीएफ थेट मेलने पाठवली, तर समोरच्याला कोरी दिसते. टिपणांसह हवी असेल, तर झोटेरोच्या 'एक्स्पोर्ट'मधून काढा. गट 'प्रायव्हेट' ठेवा. ज्यात कोणीही शिरू शकतं, त्या प्रकारच्या गटात फाइल ठेवताच येत नाहीत.

प्रश्न: पुस्तकाचं प्रकरण असं गटात ठेवणं कायद्यात बसतं का? – ग्रंथपाल, पणजी

१९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये संशोधनासाठी रास्त वापराला आणि अध्यापनाच्या ओघात शिक्षक-विद्यार्थ्यांनी केलेल्या प्रतींना मुभा आहे. दिल्ली विद्यापीठात पुस्तकांतल्या उताऱ्यांच्या छायाप्रती काढून केलेल्या वाचनसंचांच्या खटल्यात २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने अध्यापनाच्या या तरतुदीचा व्यापक अर्थ लावला. तो निकाल छायाप्रतींपुरता होता. कोणालाही उघडणारी लिंक देणं त्यात गृहीत धरू नका. बंद गट, नोंदणी झालेले विद्यार्थी, लागेल तेवढाच भाग, हे पाळा.

प्रश्न: वर्गात १४ विद्यार्थी. 'छान मुद्दा', 'सहमत' अशी टिपणं पहिल्या तीन पानांवर गर्दी करतात, पुढची २० पानं कोरी. – समाजशास्त्राच्या प्राध्यापिका, पुणे

गर्दी पहिल्या पानांवर होते, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात आणि टिपणांचा कोटा तिथेच भरतो. 'प्रत्येकी पाच टिपणं' हा नियम आधी काढून टाका. संख्या मागितली, की संख्याच मिळते. त्याऐवजी कामाचा प्रकार सांगा. एक टिपण लेखकाच्या दाव्यावर आणि तो ज्या पुराव्यावर उभा आहे त्यावर. एक अशा वाक्यावर, ज्याचा दुसऱ्या पानावरच्या वाक्याशी मेळ बसत नाही. आणि एक उत्तर, सहाध्यायीच्या टिपणाला, मजकुरातला पुरावा देऊन. तुमचे तीन प्रश्न लेखाच्या मध्यावर आणि शेवटी आधीच टाकून ठेवा. विद्यार्थी प्रश्नाजवळ थांबतात.

१४ जणांचा एक गट मोठा पडतो. 'पेरुसॉल' हे वर्गाच्या एकत्र वाचनाचं साधन आपोआप गट पाडतं, पण त्याचा ठरावीक आकार २०चा आहे, तो तुम्ही बदला. पाच किंवा सहा जण बरे. तेवढ्यांत प्रत्येकाचं टिपण कोणीतरी वाचतं. दोन मुदती द्या: टिपणांसाठी वर्गाच्या ४८ तास आधी, उत्तरांसाठी १२ तास आधी. एकच मुदत असेल, तर सगळी टिपणं शेवटच्या रात्री पडतात आणि कोणी कोणाला उत्तर देत नाही. पहिल्या मुदतीपर्यंत तुम्ही स्वतः उत्तर देऊ नका. बाईंचं उत्तर आलं की चर्चा तिथेच मिटते.

पेरुसॉलचे आपोआप पडणारे गुण पदव्युत्तर वर्गात विद्यार्थ्यांना दाखवू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. यंत्राला आवडेल तसं लिहायला विद्यार्थी लवकर शिकतात.

प्रश्न: विभागासाठी स्वतःचं वाचनसाधन बनवतोय. मराठी मजकुरासाठी काय सांभाळावं? – संगणकशास्त्राचा विद्यार्थी, नागपूर

टिपण कुठे बसवायचं यासाठी केवळ 'अमुक क्रमांकाचं अक्षर' साठवू नका. वरच्या परिच्छेदात एक स्वल्पविराम वाढला तरी ते घसरतं. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेच्या २०१७च्या मानकात त्यासाठी सोय आहे: निवडलेला उतारा, त्याच्या आधीचा आणि नंतरचा थोडा मजकूर, असं तिन्ही साठवा. स्थान आधाराला असू द्या. तुलना करण्याआधी मजकूर 'एनएफसी' या युनिकोडच्या प्रमाणित रूपात आणा. मात्र वर सांगितलेले दोन र एनएफसीने एक होत नाहीत. त्यासाठी जोडचिन्हाच्या र्‍चं 'ऱ्' करणारा स्वतंत्र नियम लिहावा लागेल.

नेट तुटलं तरी टिपण हरवू नये. ते आधी यंत्रावर जतन होऊ दे, मग रांगेतून वर जाऊ दे.

आणि पृष्ठक्रमांक. शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारातल्या प्रबंधांत प्रकरणागणिक वेगळी फाइल असते. फाइलमधलं चौथं पान छापील ११२वं असू शकतं, आणि विद्यार्थी संदर्भात ४ लिहून मोकळा होतो. फाइल चढवतानाच 'पहिल्या पानाचा छापील क्रमांक किती?' असं विचारा आणि पुढचे सगळे क्रमांक त्यावरून काढा. झोटेरोतही टिपणाचा पानक्रमांक बदलता येतो, पण ते करायचं असतं हेच अनेकांना माहीत नसतं.