वाचक विचारतात: घाट उतरणाऱ्या काकांना स्टुटगार्टची गल्ली जमेल का?

प्रश्न: नमस्कार ताई, मी गुहागरचा, एसटीत 31 वर्षं ड्रायव्हर होतो, कुंभार्ली घाट डोळे झाकून उतरेन असं डेपोत म्हणायचे. लेक नर्स आहे, जर्मनीत स्टुटगार्टला असते, मे महिन्यात आम्हा दोघांना बोलावलंय. ती म्हणते बाबा इथे गाडीला हात लावू नका. स्टिअरिंग डावीकडे नि गाडी उजव्या बाजूने, एवढंच ना? की अजून काही आहे? आणि शेजारच्या आजींनी तिला जिना झाडला नाही म्हणून सुनावलं म्हणे, भाडं भरतो तर जिना आपण का झाडायचा? हापूसच्या दोन पेट्या नेल्या तर चालतील का तेही सांगा.

उत्तर: काका, स्टिअरिंगचं काय घेऊन बसलात, ते आठवड्यात हाताला बसतं. इंडिकेटर द्यायला जाल नि वायपर फिरेल, फार तर लेक हसेल. खरी गोची गल्लीत आहे. तिकडे वस्तीत ताशी 30 किमीच्या झोनमधे बऱ्याच चौकांना सिग्नल नाही, पाटी नाही, काहीच नाही, मग नियम एकच, उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट. तुम्ही सरळ जाताय, तुमचा रस्ता रुंद आहे, तो बारक्या बोळातून येतोय, तरी तोच आधी.

मी तिकडे नवीन होते तेव्हा असंच एकदा उजवीकडच्या बोळातून एक छोटी गाडी आली, मला वाटलं थांबेल, आपल्याकडे आडवाटेवरचा निदान बघतो तरी, ती बाई थांबली नाही की माझ्याकडे बघितलंही नाही, मी ब्रेकवर उभीच राहिले, दोन गाड्यांत वीतभर जागा उरली. शिवी नाही, हॉर्न नाही, तिने काच खाली केली, आपण आलो त्या बोळाकडे बोट दाखवलं नि गेली. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

तुम्हाला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट, यावर कुठला एसटी ड्रायव्हर वाद घालतो? तिकडे तसं दर चौकात आहे. फक्त आपण घाटातसुद्धा समोरच्याचा अंदाज घेतो, वळणावर हॉर्न देतो, तो बघून घेईल असं धरतो. तिकडे ज्याचा हक्क आहे तो तुम्ही थांबणार हे धरूनच येतो. पांढऱ्या कडेची, टोकावर उभी केलेली पिवळी चौकोनी पाटी दिसली की तुमचा रस्ता आधी, नाहीतर दर चौकात उजवीकडे मान.

आणि डिपर! आपल्याकडे डिपर मारला म्हणजे मी येतोय, तू थांब. तिकडे गावात कोणी डिपर मारला तर बहुतेक वेळा अर्थ उलटा, जा तू आधी. हॉर्न वस्तीत फक्त धोका असेल तरच.

हायवेला लिमिट नाही असं सगळे सांगतात, पण बऱ्याच पट्ट्यांत आहे, नाही तिथे 130 चा सल्ला आहे, आणि उजवीकडून ओव्हरटेक बंद. ट्रॅफिक तुंबायला लागलं की अँब्युलन्स यायच्या आधीच डावीकडच्या लेनने डावीकडे नि बाकीच्यांनी उजवीकडे सरकून मधे वाट ठेवायची, नाही ठेवली तर किमान 200 युरो दंड नि महिनाभर गाडी चालवायला बंदी. गणपतीत आपला मुंबई-गोवा हायवे आठवा, तिथे मोकळी दिसली ती वाट चौथ्या लाईनसाठीच असते.

कागदांचं म्हणाल तर जायच्या आधी आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढा, मूळ लायसन्सही सोबत ठेवा. लेकीचं वेगळं, ती तिथे राहायला गेली त्या दिवसापासून आपलं लायसन्स सहा महिनेच चालतं, मग लेखी नि गाडीची दोन्ही परीक्षा. वर्षानुवर्षं चालवणारेही पहिल्या खेपेला नापास होतात, तेव्हा ती गाडीला हात लावू नका म्हणाली त्यात तिचा स्वतःचा अनुभव असेल, विचारू नका.

आता जिना. हे स्टुटगार्टच्या आसपासच्या स्वाबिया भागाचं खास आहे, केरवोखं म्हणतात, म्हणजे झाडायचा आठवडा. बिल्डिंगमधल्या बिऱ्हाडांनी पाळीपाळीने जिना नि पुढचा फुटपाथ झाडायचा, ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी अडकवतात. बऱ्याचदा भाड्याच्या करारातच लिहिलेलं असतं. आजींनी बहुतेक पाटी लावून दोन दिवस वाट बघितली असेल, मग बोलल्या. आणि काका, झाडणं शनिवारी उरकून टाका, रविवारी दुकानं बंद, ड्रिल बंद, काचेच्या बाटल्या डब्यात टाकणंसुद्धा बंद, खळखळ आवाज होतो म्हणून.

हापूसचं वाईट वाटेल, पण 2019 पासून युरोपात फळं न्यायला झाडांच्या रोगराईचं सरकारी सर्टिफिकेट लागतं, पेटी विमानतळावर काढून घेतील. पेढेही नकोत, दुधाचं काही चालत नाही. सूट पाचच फळांना आहे, अननस, केळी, खजूर, ड्युरियन आणि नारळ. तेव्हा आपल्या घरचे नारळ न्या, सोलून न्या म्हणजे वजन वाचेल.