आभार मानायला जीभ रेटत नाही तेव्हा

तुम्ही विचारलंय की दीड वर्षाचं आजारपण, त्यात नोकरी गेली, आणि चर्चच्या मंडळीत जो तो सांगतो, सर्व स्थितीत उपकारस्तुती करा. पण ‘धन्यवाद प्रभू’ म्हणताना खोटं बोलल्यासारखं वाटतं, तर माझा विश्वास कमी पडतोय का?

नाही. खोटं वाटतंय म्हणून तुम्ही अडखळलात, यात मला तरी विश्वासच दिसतो. देवासमोर खोटं बोलायचं नाही, हे तुमच्या मनाला पक्कं ठाऊक आहे.

लोक सांगतात ते वचन बायबलमधल्या थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रातलं, पाचव्या अध्यायातलं अठरावं. त्यात ‘सर्व स्थितीत’ असं आहे, ‘स्थितीबद्दल’ नाही. एवढासा फरक, पण तो मला कळायला माझ्या मिस्टरांचं आजारपण यावं लागलं.

त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास. पण त्याहून जाच होता तो पाण्याचा. किडनी काम करत नसली की प्यायलेलं पाणी अंगातच साठतं, पाय सुजतात, दम लागतो. म्हणून दिवसभराचं पाणी मोजून. सकाळी मी बाटली भरून ठेवायचे, तिच्यावर पेनाने रेघा ओढलेल्या. गोळीबरोबरचा घोट, चहा, सगळं त्यातूनच वजा. उन्हाळ्यात दुपारीच बाटली तळाला जायची, मग ते नुसते ओठ ओले करून गप्प पडून राहायचे.

भेटायला येणारे म्हणायचे, ‘देव आपल्या लाडक्यांचीच परीक्षा घेतो.’ मनाने चांगली माणसं ती, पण ते वाक्य ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बायबलमधल्या, सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तोवर ठीक होतं. बोलायला लागले आणि बिघडलं. आणि शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवरच. माझ्याविषयी ईयोब नीट बोलला, तुम्ही नाही, असं त्यांना सांगतो. ईयोब तर पानंच्या पानं तक्रार करत होता!

फक्त मंडळीतल्या एक आजी वेगळ्या. त्या यायच्या, माझा हात हातात घेऊन बसायच्या. एकदा मी म्हटलं, ‘आजी, माझ्या तोंडून आभार निघत नाहीत.’ त्या म्हणाल्या, ‘राहू दे गं. तुझ्या वतीने मी मानते.’

एका संध्याकाळी बाटलीत शेवटचं थोडं पाणी उरलं होतं. मिस्टरांनी ते झाकणात ओतलं, झाकण दोन्ही हातांत धरलं, डोळे मिटले आणि म्हणाले, ‘प्रभू, ह्या घोटासाठी तुझे आभार.’ बस, एवढंच. आजाराचं नाव नाही, सुयांचं नाही. मला इतका राग आला की आत जाऊन मी भांडी आपटली.

पुढच्या प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीला, पाळकसाहेब नेहमीचेच शब्द वाचत होते. ज्या रात्री येशूला धरून देण्यात आलं त्या रात्री त्याने भाकर घेतली, उपकारस्तुती केली आणि ती मोडली. लहानपणापासून ऐकलेलं, पण ‘त्या रात्री’ हे त्या दिवशी पहिल्यांदा कानावर पडलं. त्याच रात्री थोड्या वेळाने गेथशेमाने बागेत तो पालथा पडून विनवतो, हा प्याला, म्हणजे पुढे येणारं दुःख, माझ्यापासून टळून जावो. आभार आणि गयावया, एकाच रात्री, एकाच तोंडून! भाकरीसाठी, जेवणातल्या प्याल्यासाठी त्याने आभार मानले. खिळ्यांसाठी मानले असं शुभवर्तमानात कुठेच नाही.

थेस्सलनीकाकरांस ते पत्र लिहिणाऱ्या पौलाचंही तेच. शरीरातला काटा काढून टाक म्हणून त्याने प्रभूला तीनदा विनवलं. ‘माझी कृपा तुला पुरेशी आहे’ हे उत्तर त्यानंतर आलं. आधी मागणं झालं, मग स्वीकार. आपल्याला मात्र पहिल्या दिवशीच हसतमुख साक्ष द्यायला लावतात, हे मला पटत नाही.

पंडिता रमाबाईंचं घ्या. दुष्काळाच्या फरफटीत आई, वडील, बहीण गेली, 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये पती. पुढच्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1896 च्या दुष्काळात त्या स्वतः जाऊन उपाशी मुलींना आपल्याकडे घेऊन आल्या. त्या मुली येणार होत्या म्हणून आधीची भूक चांगली होती, असं मी कधीच म्हणणार नाही. पण भूक म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं, आणि ते त्यांनी वाया जाऊ दिलं नाही.

इफिसकरांस पत्रात ‘सर्व गोष्टींबद्दल’ असंही आहे, कोणीतरी ते तुम्हाला दाखवेलच. तिथवर मी पोहोचलेले नाही. मिस्टरांना जाऊन चार वर्षं झाली, त्यांच्या आजाराबद्दल मी आजही आभार मानलेले नाहीत, आणि देवापासून ते लपलेलं नाही. मी मानते ते एवढ्याएवढ्याशा गोष्टींचे. पहिल्याच टोचणीत शीर सापडणाऱ्या त्या सिस्टरचे. ते झाकण धरलेल्या दोन हातांचे. मोठं काही सुचत नाही तेव्हा हेच बोलते, आणि ते खोटं नसतं.

तेही जमत नसेल तर बायबलमधली स्तोत्रं उघडा. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी आभाराचा एक शब्द नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. तेरावं अवघ्या सहा वचनांचं. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर?’ हा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा, आणि शेवटी देवाने आपल्यावर उपकार केले म्हणून गाणं. आज रात्री तुम्ही पहिली दोनच म्हणा, हवं तर ओरडून म्हणा. उरलेली चार तुमच्या वतीने मी म्हणते.