शालेय क्रिकेट ते व्यावसायिक क्रिकेट: पालकांचे प्रश्न

मुंबईतल्या हॅरिस शील्ड या आंतरशालेय क्रिकेट स्पर्धेचे सामने सुरू झाले की क्रीडावैद्यक म्हणून माझ्याकडे पालकांचे तेच ते प्रश्न येतात. त्यांतले काही इथे घेतो.

प्रश्न: मुलाने शालेय सामन्यात त्रिशतक ठोकलं. नववीतच शाळा सोडवावी का?

नाही. १९८८मध्ये सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळीने शारदाश्रम शाळेसाठी ६६४ धावांची भागी केली, ती सगळ्यांना पाठ असते. २०१६मध्ये कल्याणला प्रणव धनावडेने एका डावात नाबाद १००९ काढल्या. त्याची पुढची वाट तेवढ्याने सोपी झाली नाही.

प्रश्न: खोकल्याचं औषध दुकानातून आणून दिलं तर चालेल?

नाही. शालेय सामन्यात ५४६ धावा करून गाजलेल्या पृथ्वी शॉवर २०१९मध्ये आठ महिन्यांची बंदी आली. उत्तेजक चाचणीच्या नमुन्यात टर्ब्युटालिन हे खेळाडूंना बंदी असलेलं द्रव्य सापडलं होतं. ते खोकल्याच्या औषधांत सर्रास असतं. डॉक्टरांना आधीच सांगा की मुलगा स्पर्धा खेळतो. जिमवाल्याने गळ्यात मारलेल्या पावडरींच्या डब्यांनाही हेच लागू.

प्रश्न: मुलगा १४ वर्षांचा, उजव्या हाताने वेगवान गोलंदाजी करतो. तीन आठवडे कंबर डावीकडे दुखते. कोच म्हणतात, बाम लाव, वाढीचं वय आहे.

बाम बाजूला ठेवा आणि गोलंदाजी आजच थांबवा. चेंडू सोडताना कंबर मागे वाकते, वळते आणि एका बाजूला झुकते. तो सगळा ताण मणक्याच्या मागच्या चिंचोळ्या हाडावर येतो, बहुधा गोलंदाजीच्या हाताच्या विरुद्ध बाजूला. कोवळ्या वयात तिथे बारीक तडा जातो. सुरुवातीला तो एक्स-रेत अनेकदा दिसत नाही, म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणत मुलाला पुन्हा नेटमध्ये उभं करतात. मला याचाच संताप येतो! वेळेत एमआरआय झाला, काही महिने विश्रांती मिळाली, तर बहुतेक मुलं पुन्हा धावत येऊन चेंडू टाकतात. बुमराहलाही २०१९मध्ये कमरेच्या अशाच दुखण्याने बाहेर बसावं लागलं, २०२३मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली.

शाळा, क्लब, अकादमी, शिवाय रविवारची टेनिस-बॉल मॅच: प्रत्येक जण आपापली षटकं मोजतो, बेरीज कुणीच करत नाही. ती तुम्ही करा. नेटमधले चेंडूही वहीत लिहा आणि ती वही घेऊन याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा.

प्रश्न: वयोगटाच्या स्पर्धांसाठी वय तपासायला मनगटाचा एक्स-रे काढतात. त्याने अपाय होतो का?

नाही, किरणांचं प्रमाण अगदी अल्प असतं. दाखल्यावरचं वय मात्र खरंच असू द्या. ‘जुळवून देतो’ म्हणणाऱ्या एजंटला दारातही उभं करू नका.