मायनर लीगमध्ये पाठवलेला जुना खेळाडू मानानं निवृत्त का होत नाही?

प्रश्न दोन भागांत आहे: आइस हॉकीत एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, बारा-तेरा हंगाम काढलेल्या खेळाडूला क्लबने मायनर लीगमध्ये पाठवलं तर तो मानानं निवृत्त का होत नाही, आणि तिथून कुणी परत वर येतं का?

का व्हावं त्यानं निवृत्त? करार क्लबने पुढे केला, सही क्लबच्या मॅनेजरने केली, खेळाडू किती वर्षं टिकेल याचा अंदाजही त्यांनीच बांधला. तो अंदाज चुकल्यावर समंजसपणे बाजूला व्हायचं ते मात्र खेळाडूनं. हे मला कधी पटलं नाही.

मी मूळ नागपूरचा, बरीच वर्षं कनेक्टिकटमध्ये हार्टफर्डजवळ राहतो. इथं १९९७ पर्यंत व्हेलर्स हा एनएचएलचा संघ होता. तो नॉर्थ कॅरोलायनाला गेला आणि गावाच्या वाट्याला एएचएल, म्हणजे एक पायरी खालची लीग आली. न्यूयॉर्क रेंजर्सची पोरं इथं तयार होतात आणि रेंजर्सना नकोशी झालेली माणसंही इथंच पाठवली जातात. तुम्ही म्हणता तसा खेळाडू मी समोर बसून पाहिला आहे. त्याचं नाव वेड रेडन.

१९९५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू आळीपाळीनं निवडतात त्यात, दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला बचावपटू. ओटावा सेनेटर्सकडून ११ हंगाम आणि ८३८ सामने. २००६ च्या ऑलिंपिकमध्ये कॅनडाच्या संघात. २००७ साली ओटावा स्टॅनली कपच्या, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीत पोचलं, तेव्हाही तो होता. २००८ च्या जुलैत रेंजर्सनी त्याला सहा वर्षांचा, ३ कोटी ९० लाख डॉलरचा करार दिला. पुढच्या दोन हंगामांत त्याचा खेळ घसरला, हे खरंच आहे. सप्टेंबर २०१० मध्ये, हंगाम तोंडावर आलेला असताना, रेंजर्सनी त्याला वेव्हर्सवर टाकलं. वेव्हर्स म्हणजे बाकीच्या संघांना २४ तासांची मुदत, हवा असेल तर करारासकट उचला. कुणी उचललं नाही. तो हार्टफर्डला आला तेव्हा त्याचे एनएचएलचे सामने झाले होते ९९४.

हजाराला सहा कमी. हॉकीत हजार सामने हा फार थोड्यांना गाठता येणारा टप्पा, खेळ बघणाऱ्याला हे सांगावं लागत नाही.

आता यामागचा हिशोब. त्या हंगामात प्रत्येक संघाला पगारावर ५ कोटी ९४ लाख डॉलरची मर्यादा होती आणि रेडनचा भार वर्षाला ६५ लाखांचा धरला जात होता. त्याला खाली पाठवलं की तो भार मर्यादेतून वगळला जाई. पगार मात्र मालकाला पूर्ण द्यावा लागे, कारण करार वन-वे होता, म्हणजे वर खेळो की खाली, पगार तोच. तो हजरच झाला नसता तर क्लबने निलंबित केलं असतं आणि पगार बंद. निवृत्त झाला असता तर उरलेल्या चार हंगामांच्या पैशांवर पाणी. म्हणजे मानानं जायचं तर ते कोट्यवधी डॉलर मालकाला परत करून जायचं.

याहून वाईट नियम पुढे होता. त्या काळी खाली पाठवलेल्या अशा खेळाडूला परत वर बोलवायचं तर पुन्हा वेव्हर्समधून न्यावं लागे. तिथं दुसऱ्या संघानं उचललं, तर त्याचा अर्धा भार करार संपेपर्यंत जुन्या संघाच्या मर्यादेवर राही. त्यामुळे रेडन हार्टफर्डमध्ये कितीही चांगला खेळला असता तरी रेंजर्स त्याला वर बोलावणार नव्हते. हे त्याला माहीत होतं, प्रशिक्षकाला माहीत होतं, आणि वर्तमानपत्र वाचणाऱ्या आम्हालाही माहीत होतं. तरी तो दर संध्याकाळी गणवेश चढवून उतरत होता.

त्या डिसेंबरच्या सुट्टीत माझे साडभाऊ कुटुंबासह न्यू जर्सीहून आमच्याकडे आले होते. ते रेंजर्सचे कट्टर. त्यांच्या ऑफिसची माणसं क्लायंटला घेऊन मॅडिसन स्क्वेअर गार्डनला, रेंजर्सच्या घरच्या स्टेडियमवर, जातात, तिथून ते वेड लागलेलं. हार्टफर्डचं तिकीट त्या मानानं फारच स्वस्त, म्हणून मी सगळ्यांना सामन्याला घेऊन गेलो. नोव्हेंबरमध्येच संघाचं वुल्फ पॅक हे नाव बदलून कनेक्टिकट व्हेल केलं होतं, गावात जुन्या व्हेलर्सच्या आठवणींना भरतं आलं होतं, पोरांनाही उत्साह होता.

रेडन बर्फावर आला तसे साडभाऊ सुरू झाले. "हा बघा ३९ मिलियनचा माणूस. स्प्रिंगफील्डला आणि वूस्टरला बसमधून हिंडतो. लाज नाही वाटत? मी असतो तर कागद तोंडावर फेकून घरी गेलो असतो."

मी म्हटलं, "भाऊजी, आधी खेळ तर बघा."

आणि खेळ बघण्यासारखा होता. पूर्वीचा वेग नव्हता, पण मागच्या कोपऱ्यातून पक (हॉकीतली रबरी चकती) काढून पहिला पास देताना त्याची घाई व्हायची नाही. बाकीची पोरं विशी-बाविशीची, वर जायची स्वप्नं बघणारी, प्रत्येक वेळी काहीतरी करून दाखवायच्या धडपडीत. त्यांच्यात हा एकटा पस्तिशीकडे झुकलेला, ज्याच्यासाठी वरचं दार कुलूप लावून बंद केलेलं. रायन मॅक्डोना त्या वेळी याच संघात होता. जानेवारीत रेंजर्सनी त्याला वर नेलं आणि पुढे कर्णधारही केलं. रेडन तिथेच राहिला. या लीगमध्ये शुक्रवार, शनिवार, रविवार असे लागोपाठ तीन सामने पडतात, मध्ये बसचा प्रवास. त्या वयात गुडघ्यांचं काय होत असेल?

गाडीत बसल्यावर साडभाऊंनी विषय माझ्यावर आणला. त्यांनी तो आणावा म्हणूनच बहुधा ही सगळी प्रस्तावना होती.

त्याच वर्षी माझ्या ऑफिसमध्ये दोन टीम एकत्र केल्या होत्या. मी इथल्या एका विमा कंपनीत मेनफ्रेमवर होतो, लीड होतो. नव्या रचनेत मला प्रॉडक्शन सपोर्टला टाकलं, रात्रीचा कॉल माझ्याकडे, आणि वर जो मुलगा बसवला त्याला केटी मीच दिली होती, म्हणजे काम मीच शिकवलं होतं. पगार तोच. मॅनेजरनं मला खोलीत बोलावून फार आपुलकीनं सांगितलं की तुमच्या अनुभवाच्या माणसाला हे काम शोभत नाही, बाहेर तुम्हाला सहज चांगलं मिळेल. मी बाहेर आलो आणि एचआरचं पत्रक काढून वाचलं. कंपनीनं काढलं तर सेव्हरन्स, म्हणजे नोकरी गेल्याचा मोबदला, द्यावा लागत होता. मी स्वतःहून गेलो तर काहीच नाही. माझ्या ग्रीन कार्डची फाइल त्याच नोकरीला बांधलेली होती, आणि भारतीयांची रांग किती लांब असते हे इथं राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

साडभाऊ म्हणाले, "तुमचंही तेच चाललंय. ज्या पोराला शिकवलं त्याच्या हाताखाली काम करता. एडिसनला या, आमच्याकडे जागा बघतो. थोडा स्वाभिमान ठेवा."

मागच्या सीटवर माझी बायको, तिची बहीण आणि पोरं गप्प बसली होती.

मी त्यांना विचारलं, मी उद्या राजीनामा दिला तर फायदा कुणाचा? माझा? माझ्या पोरांचा? की ज्यानं मला खोलीत बोलावून गोड बोललं त्याचा? ते म्हणाले, फायद्यातोट्याचं नाही, माणसाच्या मानाचं बोलतोय. मी म्हटलं, भाऊजी, ज्याला माझे पैसे वाचवायचे आहेत तोच माझ्या मानाची काळजी करतोय, तुम्ही त्याचं काम फुकट कशाला करता? घरी पोचेपर्यंत आवाज वाढलेले होते. जेवायला बसल्यावरही थांबलं नाही. ताईंनी, म्हणजे साडभाऊंच्या बायकोनं, भाकरी वाढता वाढता शेवटी दोघांनाही गप्प केलं.

मी ती नोकरी सोडली नाही. रात्रीचे कॉल घेतले, त्या मुलाच्या हाताखाली काम केलं आणि नीट केलं. त्या मुलाशी माझं कधी वाजलं नाही, तो आजही फोन करतो. फाइल पुढे सरकली, माझी वेळ आली तेव्हा मी माझ्या सोयीनं दुसरीकडे गेलो. साडभाऊ अजून म्हणतात की मी त्या काळात वाकलो. कौटुंबिक कार्यक्रमात हा विषय निघतोच. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे, कारण जेवणाच्या पंगतीत माझं पूर्ण बोलणं कधी ऐकून घेतलं गेलं नाही.

कामाचा दर्जा खाली जाणं आणि काम खालच्या दर्जाचं करणं, यांतली दुसरी गोष्ट लाजेची आहे. पहिली तुमच्या हातात नसते. रेडन बर्फावर आळस करताना दिसला असता तर मी साडभाऊंच्या बाजूनं बोललो असतो. तो तसा दिसला नाही.

आपल्याकडचंच बघा. वसीम जाफर २००८ नंतर कसोटी संघात परतला नाही. तो रणजी खेळत राहिला, मुंबईकडून आणि नंतर आमच्या विदर्भाकडून, आणि २०१७-१८ व २०१८-१९ असे सलग दोन हंगाम विदर्भ रणजी विजेता झाला तेव्हा तो संघात होता. नागपुरात त्याला कुणी "मानानं घरी जा" म्हटल्याचं माझ्या कानावर नाही. तिथं त्याला बाजूला करून कुणाचे कोट्यवधी वाचणार नव्हते, हेही एक कारण असेल.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग राहिला. परत येतात, पण क्वचित. रेडनचं असं झालं: दोन पूर्ण हंगाम तो हार्टफर्डमध्ये खेळला. मग २०१२-१३ चं लॉकआउट आलं, म्हणजे मालकांनी खेळच बंद ठेवला, जानेवारी २०१३ मध्ये लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यात नवा सामूहिक करार झाला आणि त्यात संघांना काही करार मोबदला देऊन मोडायची मुभा मिळाली. रेडन आणि माँट्रियलचा स्कॉट गोमेझ यांना त्यांच्या क्लबांनी आधी घरीच बसवायचं ठरवलं होतं. दुखापत झाली तर करार मोडता येणार नाही, ही भीती. त्यावर ओरड झाली आणि दोघांना लगेच मोकळं करण्यात आलं. रेडनला सेंट लुईस ब्लूजनी घेतलं आणि हजारावा सामना त्यानं त्यांच्याकडून खेळला. हंगामाच्या शेवटाकडे तो बॉस्टन ब्रुइन्सकडे गेला. १,०२३ सामन्यांवर त्याची एनएचएल कारकीर्द थांबली. २०१० मध्ये तो "मानानं" निवृत्त झाला असता तर ९९४ वर थांबली असती. साडभाऊ म्हणतात हे नशीब. असेल. पण नियम बदलला त्या दिवशी तो खेळायच्या स्थितीत होता, याला मी नशीब म्हणत नाही.

त्याच सामूहिक करारात परत वर बोलावतानाचा वेव्हर्सचा नियम गेला आणि खाली पाठवून पूर्ण भार लपवायची सोयही गेली. आता किमान पगार अधिक ३ लाख ७५ हजार डॉलर एवढीच सूट मिळते, २०२५-२६ च्या हंगामात ती ११ लाख ५० हजार होते. बाकीचा भार मर्यादेत दिसतोच. म्हणून रेडनसारखी मोठी नावं आता तितक्या सहज खाली दिसत नाहीत.

सगळ्यांनीच चिकटून राहावं असं मात्र मी म्हणत नाही. करार टू-वे असेल तर खाली गेल्यावर पगारही खाली येतो, तिथं हिशोब वेगळा. डोक्याला वारंवार मार बसलेल्या माणसानं एका हंगामाच्या पैशासाठी खेळू नये. पोरांची शाळा दुसऱ्या शहरात असेल आणि घर मोडत असेल, तर सोडण्यात काही कमीपणा नाही. युरोपात चांगला संघ मिळत असेल तर जावं. शिकागोचा गोलरक्षक क्रिस्तोबाल ह्युए तसाच स्वित्झर्लंडला खेळायला गेला. आणि करारात नो-मूव्हमेंट कलम असेल तर क्लब खेळाडूच्या संमतीशिवाय त्याला वेव्हर्सवर टाकूच शकत नाही, तेव्हा बातमी वाचताना ते आधी बघा.

आणखी एक बघा, करारावर सही करताना खेळाडूचं वय किती होतं. रेडन तेव्हा ३१ चा होता, म्हणून तो निवृत्त झाला असता तर रेंजर्सचा सगळा भार सुटला असता. त्या काळच्या नियमानं ३५ किंवा जास्त वयात केलेल्या अनेक वर्षांच्या कराराचा भार खेळाडू निवृत्त झाल्यावरही क्लबच्या मर्यादेवर कायम राही. अशा खेळाडूला मानानं निवृत्त हो म्हणणारा मॅनेजर माझ्या तरी ऐकण्यात नाही.