वीजकेंद्राच्या गरम पाण्याने तलावातला सेंद्रिय गाळ वाढतो की घटतो?

दोन्ही शक्य आहे: सेंद्रिय पदार्थ जास्त तयार होतो आणि कुजतोही लवकर, त्यामुळे गाळात शिल्लक किती राहील हे तळाच्या ऑक्सिजनवर ठरतं. तापमान १० अंशांनी वाढलं की जिवाणूंचं काम साधारण दुप्पट होतं. पण २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तिथे ३० अंशांना जेमतेम ७.६. ऑक्सिजन संपला की कुजणं मंदावतं, गाळ काळा पडतो आणि सडक्या अंड्यांचा वास येतो. पोलंडमधल्या कोनिनच्या तलावांत १९५८ पासून असं गरम पाणी येऊ लागलं. तिथे व्हॅलिस्नेरिया ही उष्ण भागातली पाणवनस्पती रुजली, तिचाही पाला तळाशीच जातो.

मोजायचं असेल तर गाळ १०५ अंशांना वाळवून वजन घ्या, मग ५५० अंशांना ४ तास जाळा. घटलेलं वजन म्हणजे ढोबळमानाने सेंद्रिय भाग. भट्टी ७००च्या वर गेली तर शिंपल्यांचा चुनाही विघटित होऊन वजन आणखी घटतं आणि आकडा उगाच फुगतो. मात्र गरम पाणी सोडतात त्या तोंडापाशी नमुना घेऊ नका, प्रवाह तिथला हलका गाळ पुढे ढकलतो.